विम्याची भाषा आणि घरचा दुभाषा

(वेस्ट विंडसर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



आजच्या विषयाची नोटीस वाचून दोघातिघांनी मला विचारलं, की स्पॅनिशमधल्या आरोग्य विम्याच्या शब्दांचं इंग्रजी भाषांतर, याच्याशी आपला काय संबंध? प्रश्न रास्त आहे. मी पुण्यात असताना स्पॅनिश शिकले आणि गेली काही वर्षं न्यू जर्सीत हेच काम करते. कोणी मेक्सिकोला किंवा एक्वादोरला गावी गेलेलं असताना आजारी पडतं. तिथे उपचार होतात. मग बिलं, डॉक्टरांचे रिपोर्ट, डिस्चार्जचे कागद इथल्या विमा कंपनीकडे जातात. ते कागद इंग्रजीत आणणं हे माझं काम. ते करताना जे लक्षात आलं, ते आपले आईवडील सहा महिन्यांसाठी इथे येतात तेव्हा आपल्याच घरात जसंच्या तसं लागू पडतं. म्हणून हा विषय.

आधी काही शब्द बघू. स्पॅनिशमध्ये 'इंग्रेसो' म्हणजे दवाखान्यात दाखल होणं. पण इंग्रेसो म्हणजे उत्पन्नसुद्धा. 'आल्ता' हा त्याहून अवघड. दवाखान्याच्या कागदावर आल्ताची तारीख म्हणजे डिस्चार्जची तारीख. विम्याच्या कागदावर आल्ताची तारीख म्हणजे विमा सुरू झाल्याची तारीख. एकाच फाइलमध्ये दोन्ही कागद असतात. 'उर्खेन्सियास' हा शब्द इंग्रजीतल्या अर्जंट केअरसारखा दिसतो, पण तो आहे इमर्जन्सी रूम. इथे या दोन्ही ठिकाणचे दर वेगळे, आपण भरायची रक्कम वेगळी. भाषांतरकाराने दिसतो तसा शब्द लिहिला तर दावा चुकीच्या खान्यात जातो. 'सिनिएस्त्रो' ऐकायला भयंकर वाटतो, पण 'सिनिएस्त्रोचा नंबर' म्हणजे साधा क्लेम नंबर. 'कारेन्सिया' म्हणजे एरवी उणीव, विम्यात मात्र सुरुवातीचा तो काळ ज्यात विमा लागू होत नाही. आणि 'प्रिमा' म्हणजे प्रीमियम, तसंच चुलत किंवा मावसबहीण.

हे ऐकून हसू येतं. पण १९८० साली फ्लोरिडात जे झालं ते हसण्यासारखं नाही. अठरा वर्षांच्या एका क्यूबन मुलाला बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलमध्ये आणलं. घरच्यांना वाटत होतं की काहीतरी बाधणारं त्याच्या पोटात गेलं असावं. त्याला त्यांच्या स्पॅनिशमध्ये शब्द आहे 'इन्तोक्सिकादो'. डॉक्टरांनी तो इंग्रजी 'इन्टॉक्सिकेटेड' असा घेतला, म्हणजे नशेत. अमली पदार्थांचा अतिरेक झाला असं धरून उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तो मुलगा हातापायांनी कायमचा अधू झाला. पुढे त्या प्रकरणात झालेली तडजोड सुमारे ७१ दशलक्ष डॉलरची होती, असं सांगितलं जातं. तिथे प्रशिक्षित दुभाष्या नव्हता. दोन्ही बाजूंना वाटत होतं, की आपल्याला एकमेकांचं कळलंय.

आता कोणी म्हणेल, चांगला शब्दकोश असला की झालं. तर शब्दकोश आहे. २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार सरकारने विम्याच्या शब्दांचा एक सोपा, सर्वांना समान असा कोश केला. तो स्पॅनिशमध्येही आहे. चिनी, तागालोग आणि नावाहो या भाषांतही झाला. निकष असा, की एखाद्या काउंटीतले किमान १० टक्के लोक केवळ त्या एकाच भाषेत साक्षर असले तर तिथे विमा कंपनीने त्या भाषेत मदत द्यायची. या मापाने मराठीचा नंबर मर्सर काउंटीतच काय, कुठल्याच काउंटीत लागणार नाही.

पण स्पॅनिश कोश असूनही सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. डिडक्टिबलला इथल्या कोशात 'देदुसिब्ले' म्हणतात, स्पेनमध्ये 'फ्रांकीसिया'. इथे 'कोसेगुरो' म्हणजे बिलातला आपला टक्का. मेक्सिकोत त्यालाच 'कोआसेगुरो' म्हणतात. आणि अर्जेंटिनात कोसेगुरो म्हणजे डॉक्टरकडे गेल्यावर भरायची ठरलेली रक्कम, इथल्या भाषेत कोपे. म्हणजे शब्द स्पॅनिश आहे म्हणून प्रत्येक स्पॅनिश बोलणाऱ्याला तो कळेलच असं नाही. माणूस शब्दाबरोबर आपल्या देशातल्या दवाखान्याची रीतही घेऊन येतो. नवा शब्द तो त्या रीतीप्रमाणेच समजून घेतो.

हेच आपल्या आईवडिलांचं आहे. त्यांच्या पिढीला विमा म्हणजे आयुर्विमा. १९५६ साली एलआयसी झाली. तेव्हापासून विमा म्हणजे हप्ते भरायचे, मुदत संपली की पैसे परत, मध्येच काही झालं तर वारसांना. आपल्याकडे मेडिक्लेम आला तो १९८६ मध्ये, आणि आजही पुष्कळांच्या मनात मेडिक्लेम म्हणजे 'कॅशलेस' हाच शब्द असतो. सरकारी योजना बघा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं. त्या योजनेत बसणाऱ्या कुटुंबाला हप्ता नाही, डिडक्टिबल नाही. कागद दाखवायचे आणि उपचार घ्यायचे. अशा अनुभवातून आलेल्या माणसाला आपण विमानतळावरून घरी आणताना सांगतो, "आई, तुमचा इन्शुरन्स काढलाय, काळजी करू नका." आईंना त्यातून काय कळतं? त्यांना कळतं, की आता खर्च कंपनीचा.

मग आपण शब्द मराठीत करायला जातो, आणि गोंधळ वाढतो. डिडक्टिबलला मराठीत सहज सुचणारा शब्द 'वजावट'. पण बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला वजावट म्हणजे काय? इन्कम टॅक्समध्ये मिळते ती. वजावट म्हणजे आपला फायदा. इथे अर्थ बरोबर उलटा आहे. ५०० डॉलर डिडक्टिबल म्हणजे पहिले ५०० आपल्या खिशातून, त्यानंतर कंपनी बघणार. कोइन्शुरन्सला 'सहविमा' म्हटलं तर विमा क्षेत्रात त्याचा अर्थ वेगळाच होतो, दोन कंपन्यांनी मिळून एक जोखीम घेणं. 'हप्ता' शब्द चालेल, पण हप्ता म्हटलं की शेवटी काहीतरी आपलं होणार ही भावना त्यात आहे. इथे काही आपलं होत नाही. काही झालं नाही तर पैसे गेले, आणि तेच बरं.

सगळ्यात धोक्याचा शब्द 'मॅक्सिमम'. नोकरीतून मिळणाऱ्या आपल्या विम्यात 'आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम' असतं. वर्षभरात विम्यात बसणाऱ्या उपचारांसाठी आपल्या खिशातून याहून जास्त जाणार नाही, अशी ती मर्यादा. पाहुण्यांच्या विम्यात 'पॉलिसी मॅक्सिमम' असतं. त्याचा अर्थ, कंपनी याहून जास्त देणार नाही. एक मर्यादा आपल्याला सांभाळते, दुसरी कंपनीला. मराठीत दोन्हींना 'कमाल मर्यादा' म्हटलं की संपलं.

आकड्यांत सांगते. समजा पॉलिसी ५०,००० डॉलरची, डिडक्टिबल ५००, पुढच्या ५,००० पैकी ८० टक्के कंपनीचे आणि २० टक्के आपले, त्यानंतर मर्यादेपर्यंत सगळं कंपनीचं. कंपनीने मान्य केलेलं बिल १२,००० झालं तर आपले जातात ५०० अधिक १,०००, म्हणजे १,५००. ठीक आहे. तेच बिल ७०,००० झालं तर कंपनी ५०,००० देऊन थांबते आणि २०,००० आपल्यावर येतात. आणि हे झालं चांगल्या पॉलिसीचं. स्वस्त मिळतात त्यांतल्या बऱ्याच पॉलिसी प्रत्येक गोष्टीसाठी ठरावीक रक्कम देतात, बिल कितीही असो. हे गणित विमा घेतानाच आईवडिलांसमोर कागदावर मांडलं पाहिजे. ज्यांनी आयुष्यभर घरखर्चाची वही लिहिली, त्यांना ते समजणार नाही असं मानणं हा आपला उद्धटपणा आहे.

तेव्हा माझं म्हणणं असं, की शब्दाला शब्द शोधू नका. पैसे कोणाच्या खिशातून, कधी आणि कुठवर जातात ते सांगा. डिडक्टिबल म्हणजे 'आधीचा आपला खर्च'. कोपे म्हणजे 'दर भेटीचे ठरलेले पैसे'. कोइन्शुरन्स म्हणजे 'बिलातला आपला टक्का'. नेटवर्क म्हणजे 'कंपनीशी दर ठरलेले डॉक्टर आणि दवाखाने'. या शब्दांना भारदस्तपणा नाही, पण ते कळतात.

इथवर पैशांच्या शब्दांबद्दल झालं. विम्याच्या कागदावर आणखी एक शब्द असतो आणि तो सरळ पेशंटच्या तोंडून येतो. 'प्रीएक्झिस्टिंग', म्हणजे विमा घेण्याआधीपासूनचा आजार. इथल्या नेहमीच्या विम्यात २०१४ पासून या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत. पाहुण्यांचा विमा त्या कायद्याखाली येत नाही. तिथे आधीचा आजार सहसा वगळलेला असतो. फार तर त्याचा अचानक, आधी काही सूचना न देता आलेला झटका धरला जातो. त्यालाही वयाची अट असते, आणि बहुतेक ठिकाणी २४ तासांत उपचार घेतलेले असावे लागतात.

आता आपली माणसं डॉक्टरांशी कशी बोलतात ते आठवा. "तसं काही विशेष नाही हो, दोन दिवसांपासून जरा घाबरल्यासारखं होतंय." या वाक्यात दोन खड्डे आहेत. 'घाबरल्यासारखं' म्हणजे छातीत धडधड, धाप, जीव कासावीस होणं. दुभाष्याने त्याचं भाषांतर 'भीती वाटते' असं केलं तर कागदावर 'अँग्झायटी' येते. आणि 'दोन दिवसांपासून' हे आपलं सवयीचं, भिडेखातर बोललेलं असतं. ते फाइलमध्ये गेलं की 'अचानक' हा शब्द उडतो. 'पित्त' तसंच. 'पित्त झालंय' म्हणजे आंबट ढेकर, 'पित्त उठलंय' म्हणजे अंगावर गांधी. 'उन्हाळी लागली' याचा ऋतूशी संबंध नाही, लघवीला जळजळ होते आहे. हे शब्द गूगलला विचारून पुढे जाण्यासारखे नाहीत. शिवाय भारतातून आणलेल्या कागदावर डॉक्टरांच्या अक्षरात 'के/सी/ओ' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 'नोन केस ऑफ', हा आजार आधीपासून माहीत आहे. आणि ०३/०५ ही तारीख आपल्याकडे ३ मे असते, इथे ५ मार्च. विमा एप्रिलमध्ये सुरू झाला असेल तर तेवढ्यावरही दावा अडतो.

मग दुभाष्या कोण? मेक्सिकन घरांत तो पुष्कळदा दहा-बारा वर्षांची मुलगी असते. आईच्या गाठीचा रिपोर्ट तीच आईला सांगते. आपल्याला ते ऐकून वाईट वाटतं. आपल्याकडे मुलं मोठी आहेत, शिकलेली आहेत, इंग्रजी उत्तम बोलतात. पण आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे, आणि ती आपण बोलून दाखवत नाही. आपल्याकडे दुभाष्या आणि बिल भरणारा एकच असतो.

डॉक्टर विचारतात, सीटी स्कॅन करून घ्यायचा का? मुलगा ते आईला मराठीत सांगेपर्यंत त्याच्या डोक्यात डिडक्टिबल, टक्का, मर्यादा फिरून गेलेली असते. तो खोटं बोलत नाही. फक्त वाक्याचा कल बदलतो. "डॉक्टर म्हणतात करू शकतो, पण तेवढं जरुरीचं नाही बहुतेक." आईसुद्धा मुलाचा चेहरा वाचून उत्तर देते. "नको रे, बरं वाटतंय आता." ते उत्तर इंग्रजीत जातं आणि फाइलमध्ये नोंद होते, की पेशंटने नकार दिला. इथे कोणी दुष्ट नाही. पण आईचा निर्णय आईने घेतला असं म्हणता येईल का?

एका ओळखीच्या घरातली गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. आजी अडुसष्ट वर्षांच्या. थकवा येतो, चक्कर येते म्हणून मुलगा त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. सोबत म्हणून मीही गेले. मुलगा भाषांतर करत होता आणि आजी प्रत्येक प्रश्नाला "नाही, तसं काही नाही" म्हणत होत्या. मी नर्सला सांगितलं, की फोनवरून मराठी दुभाषी मिळत असेल तर बोलवा, बाई असेल तर बरं. दुभाषी मिळाली. मुलगा बाहेर गेला. मग आजी म्हणाल्या, "चार महिने अंगावरून लाल जातंय." पाळी जाऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती. हे त्या मुलासमोर कधीही बोलल्या नसत्या.

विमा घेऊन तेव्हा दोन महिने झाले होते. चार महिने हा शब्द फाइलमध्ये गेला, आजार आधीचा ठरला, आणि त्या दाव्याचे पैसे मिळाले नाहीत. तपासण्या मात्र वेळेत झाल्या. मुलाने नंतर मला विचारलं, की दुभाषी बोलावली नसती तर बिल वाचलं असतं का? मी त्याला म्हटलं, कदाचित वाचलं असतं, पण आईला काय झालंय ते तुला कळलं नसतं. भाषांतरकाराचं काम दावा जिंकून देणं नाही. कागद कंपनीच्या बाजूने झुकवायचा नाही, तसा आपल्या बाजूनेही नाही. माणूस जे बोललं ते, तेवढंच आणि तसंच पलीकडे गेलं पाहिजे. पैशांचा निर्णय त्यानंतर, आणि ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे त्याला समोर बसवून.

या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे, हे अनेकांना माहीत नसतं. २०१० च्या आरोग्य कायद्याच्या १५५७ व्या कलमानुसार, सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलने इंग्रजी न येणाऱ्या पेशंटला प्रशिक्षित दुभाष्या मोफत द्यायचा असतो. जवळपास सगळी हॉस्पिटलं यात येतात. लहान मुलांकडून भाषांतर करून घ्यायला आणीबाणीखेरीज मनाई आहे. सोबतच्या मोठ्या माणसाकडून करून घ्यायचं तर एकतर तशी आणीबाणी हवी, नाहीतर पेशंटने स्वतः तसं मागितलेलं हवं. पेशंट इथला नागरिक आहे का, विमा कुठला, याच्याशी याचा संबंध नाही. २००० साली अध्यक्ष क्लिंटन यांनी भाषासाहाय्याबद्दल काढलेला आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला आणि इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा म्हणून जाहीर झाली. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, की आता दुभाष्या मागता येत नाही. पण आदेश वेगळा आणि काँग्रेसने केलेला कायदा वेगळा. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि हे १५५७ वं कलम कायम आहेत.

मदत मोफत मिळते ही सूचना राज्यातल्या मुख्य १५ भाषांत द्यावी, असा नियम २०१६ मध्ये झाला. तेव्हाच्या न्यू जर्सीच्या यादीत गुजराती होती, हिंदी आणि उर्दूही होती. मराठी नव्हती. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. ज्यांना इंग्रजी कमी येतं त्यांच्या संख्येवर ती यादी ठरते. पण यादीत नाव नाही म्हणून दुभाष्या मिळत नाही, असं मात्र नाही. फोनवरून दुभाषे पुरवणाऱ्या मोठ्या सेवांकडे मराठी असते. मागावं लागतं, एवढंच. आणि हिंदी दुभाष्या देऊ केला तर "चालेल" म्हणण्याआधी आईला विचारा. आजारपणात हिंदीत "अंगावरून जातंय" कसं म्हणायचं हे तिला सुचेलच असं नाही.

शेवटी एक गोष्ट आपल्याबाहेरच्यांची. इथून जवळच हाइट्सटाउन आहे, ट्रेंटन आहे. तिथून रोज सकाळी माणसं आपल्या घरांची साफसफाई करायला, आपलं गवत कापायला, आपल्या आवडत्या देशी रेस्टॉरंटच्या मोरीत भांडी घासायला येतात. त्यांच्यातल्या अनेकांकडे विमाच नाही. सरकारी स्पॅनिश कोश कितीही चांगला असला तरी त्यांच्या उपयोगाचा नाही, कारण त्या शब्दांमागे त्यांच्यासाठी काही ठेवलेलं नाही. मात्र दुभाष्याचा हक्क त्यांनाही आहे. आणि इमर्जन्सीत पैसे नाहीत म्हणून तपासायचं नाकारता येत नाही, हा १९८६ चा कायदाही त्यांच्यासाठी आहे. स्पॅनिश बोलणाऱ्यांनी वर्षानुवर्षं मागणी केली, दावे लढवले, म्हणून आज आपल्या आईसाठी आपल्याला मराठी दुभाष्या मागता येतो. ते ऋण लक्षात ठेवू.

करण्यासारख्या तीन गोष्टी सुचवते आणि थांबते. पहिली, आपण दहाबारा जणांनी मिळून विम्याच्या वीस-पंचवीस शब्दांची मराठी पुस्तिका करू. आकड्यांच्या उदाहरणांसकट, मोठ्या अक्षरात. त्यात निम्मे तरी इथे राहायला आलेले आजी-आजोबा हवेत. त्यांना कळलेला शब्दच ठेवायचा. दुसरी, आईवडिलांच्या पासपोर्टात एक चिठ्ठी असू द्या: 'मी मराठी बोलते, मला दुभाष्या हवा', इंग्रजीत. तिसरी, हॉस्पिटलमध्ये दुभाष्या आला की तुम्ही खुर्ची घेऊन बाजूला बसा, आणि पाच मिनिटं खोलीबाहेर जा. आई काय बोलली ते तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

पुस्तिकेच्या कामाला ज्यांना यायचं असेल त्यांनी चहाच्या वेळात मला भेटावं.